'आमचं ठरलंय' – कुणाचं?

'आम्ही आता गावी जाऊन राहायचं ठरवलंय.' परळ-लालबाग भागातल्या आमच्या सल्ला केंद्रात हे वाक्य गेल्या काही वर्षांत मी इतक्या वेळा ऐकलंय, की आता त्यावर माझा पहिला प्रश्न ठरून गेलाय. 'आम्ही म्हणजे कोण?' बाई जरा गप्प होते, मग हसते, मग म्हणते, 'म्हणजे, यांनी ठरवलंय.'

हा 'आम्ही' मोठा लबाड शब्द आहे. खोली विकायची ठरते तेव्हा 'आम्ही'. गावच्या घराला चिरा घालायचा ठरतो तेव्हा 'आम्ही'. खोलीची भाडेपावती कुणाच्या नावावर, विक्रीचे पैसे कुणाच्या खात्यात, गावच्या घरपत्रकावर नाव कुणाचं, एवढं विचारलं की 'आम्ही' कुठल्या कुठे पळून जातो आणि पुरुषाचं एकट्याचं नाव उरतं.

चित्र साधारण असं असतं. नवऱ्याची नोकरी संपली किंवा संपत आली. वडील गिरणीत होते, हा पालिकेत किंवा एखाद्या खाजगी कंपनीत. चाळीतली पागडीची खोली, किंवा तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीतला छोटा फ्लॅट. मुलाला डोंबिवली-बदलापूरकडे घर घ्यायला थोडे पैसे द्यायचे, उरलेल्यात रत्नागिरी नाहीतर सिंधुदुर्गातलं वडिलार्जित घर दुरुस्त करायचं, काही रक्कम बँकेत टाकायची आणि सुखाने राहायचं. शुद्ध हवा, घरचे तांदूळ, दारात फणस. करोनाच्या टाळेबंदीनंतर या स्वप्नाला भलताच भाव आला. त्या पुरुषाची ओढ खोटी आहे असं मी म्हणत नाही. चाळीस वर्षं गर्दीच्या लोकलला लोंबकळलेल्या माणसाला पडवीत बसून पाऊस बघावासा वाटला तर त्यात काय चुकलं?

चुकतं ते पुढे. तो म्हणतो, 'परत जाऊया.' मैत्रिणींनो, या 'परत'कडे जरा नीट बघा. ज्या गावात तो परत जातोय ते त्याचं माहेर आहे. होय, माहेरच! तिथे त्याचं बालपण आहे, त्याचे चुलतभाऊ आहेत, त्याने पोहलेला पऱ्या आहे. तिच्यासाठी ते सासर आहे. लग्नानंतरची दोन-चार वर्षं, नाहीतर दर गणपतीला आठ दिवस, तिने जिथे डोक्यावर पदर घेऊन चाळीस माणसांचं रांधलं ती जागा. पंचावन्नाव्या वर्षी ती 'परत' जात नाही, ती दुसऱ्यांदा सासरी जाते. आणि तिच्या गावी जाऊन राहू, असं कुणी का सुचवत नाही? तिच्याही गावात घर असेल, जमीन असेल. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली कायदा बदलून मुलीला वडिलार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. पण तिने भावांना हक्कसोडपत्र करून दिलेलं असतं, माहेर तुटू नये म्हणून. म्हणजे माहेर टिकवायला माहेरची जमीन सोडायची, आणि म्हातारपणी नवऱ्याच्या माहेरी राहायला जायचं!

यात नवीन काही नाही, हे कोकणातल्या बाईला सांगायची गरज नाही. शंभर वर्षं हाच खेळ उलट्या दिशेने चालला होता. चाकरमानी मुंबईला, बायको गावी. तिने शेत लावायचं, सासूसासरे सांभाळायचे, मनीऑर्डरची वाट बघायची. तो मुंबईत खाणावळीत जेवायचा. (त्या खाणावळी चालवणाऱ्याही बायकाच. सावकाराच्या कचाट्यातून त्यांना सोडवायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, हे आपल्या नव्या कार्यकर्त्यांनी विसरू नये.) २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा काहीजण कोकणात स्त्रीचा मान किती मोठा, असं दाखवायला वापरतात. मान कसला? पुरुष मुंबईला आणि बायका मागे, एवढाच त्याचा मोठा अर्थ.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि कित्येक घरांनी बायकामुलांना गावी धाडलं, कारण तिथे निदान पेज मिळेल. तेव्हाही तिचं बिऱ्हाड हलवण्याचा निर्णय त्याच्या रोजगारावरून झाला. गिरणी चालू तर बाईने गावी राहायचं, गिरणी बंद तरी बाईने गावी जायचं, आणि आता नोकरी संपली, खोलीला भाव आला, तरीही बाईनेच गावी जायचं. तिने कुठे राहायचं हे कधी तिच्या कामावरून ठरलंय का?

कारण तिचं काम कामच नाही! आमच्याकडे आलेली एक बाई बावीस वर्षं पोळीभाजीचे डबे देते आहे. सकाळी साडेचारला उठून सव्वाशे पोळ्या. नवऱ्याचा पगार दोनदा बंद पडला तेव्हा घर त्या पोळ्यांवर चाललं, खोलीच्या दुरुस्तीचा खर्च त्या पोळ्यांतून निघाला, मुलीची फी त्यातून गेली. नवरा म्हणतो, 'तिचं काय, तिला गावीपण पोळ्या लाटता येतील.' लाटेल हो, पण विकत कोण घेणार? ज्या वाडीत पंधरा घरांपैकी नऊ घरांना कुलूप आहे तिथे डबा कुणाला देणार? तिची गिऱ्हाइकं, तिचा वाणी, उधारीवर पीठ देणारा गिरणीवाला, मंगळवारची भिशी, ही तिची बावीस वर्षांची कमाई. ती तिला विकताही येत नाही, बरोबर नेताही येत नाही. खोलीची किंमत काढणाऱ्या दलालाच्या हिशेबात ती नसतेच.

आणि शेजार. चाळीच्या गॅलरीचं कौतुक मी करणार नाही. त्या गॅलरीने बायकांवर पाळतही पुष्कळ ठेवली. पण नवऱ्याने हात उगारला तर भिंतीपलीकडून कुणीतरी कडी वाजवतं, हेही त्याच गॅलरीत. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याहून अधिक बायकांना पहिल्यांदा शेजारणीने आणलेलं असतं. गावच्या घरी शेजार म्हणजे दीर, जाऊ, चुलतसासरे. तिथे कडी कोण वाजवणार?

पाणी घ्या. मुंबईच्या खोलीत दोन तासच येतं, पण घरात येतं. गावी नळ आला असला तरी एप्रिल-मे महिन्यात विहिरीचीच आठवण काढावी लागते, आणि ती बाईनेच काढायची. गुडघ्याचं ऑपरेशन सुचवलेल्या बाईने कळशी घेऊन घाटी चढायची. इथे केईएम चालत दहा मिनिटांवर. तिथे साखर वाढली तर एस.टी.ची वेळ बघायची. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकामाला बाईची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं आणि पुरुषाची ८८ मिनिटं असं निघालं. आता त्यात गावचं घर मिळवा. सारवण, अंगण, सरपण, कोंबड्या, आणि मे महिन्यात मुंबईहून येणारे सगळे पाहुणे, कारण 'आता तुम्ही गावालाच आहात ना!' त्याची निवृत्ती तिच्या हाताखालून जाते. तिला मात्र निवृत्ती नाहीच.

आता पैशाचं बोलू. खोली त्याच्या नावावर. लग्नानंतर दोघांच्या कष्टातून झालेलं घर दोघांचं, असं आपला कायदा सरळ मानत नाही. २०१३ साली राज्यसभेने विवाह कायदा दुरुस्ती विधेयक मंजूर केलं होतं. त्यात घटस्फोटाच्या वेळी पत्नीला पतीच्या स्थावर मालमत्तेत वाटा देण्याची तरतूद होती. लोकसभा विसर्जित झाली आणि ते बारगळलं. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ साली एका निकालात म्हटलं की, घर सांभाळणाऱ्या पत्नीचा मालमत्ता उभी करण्यात वाटा असतो आणि म्हणून तिला समान हिस्सा आहे. निकाल चांगला आहे, पण एका निकालाने देशभरच्या बायकांचा प्रश्न सुटत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा आहे. त्यात आर्थिक छळाची व्याख्या आहे, राहतं घर विकायला न्यायालय मनाई करू शकतं. पण त्यासाठी तिने नवऱ्यावर हिंसाचाराची तक्रार करायला हवी. पस्तीस वर्षांच्या संसारानंतर, ज्याने कधी मारलं नाही त्या माणसावर? कोण करेल? आणि तिने तशी तक्रार केल्याशिवाय तिला काही म्हणताच येऊ नये, हा कुठला न्याय?

सावंतवाडीहून बांदा ओलांडून गोव्यात गेलात की गोष्ट बदलते. पोर्तुगीज नागरी कायद्याच्या परंपरेने तिथे लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवराबायकोची सामाईक धरतात, आणि बायकोच्या संमतीवाचून नवऱ्याला घर विकता येत नाही. तिथेही कारभार नवऱ्याच्या हाती ठेवलेला, तिथेही मुलींकडून हक्क सोडून घेतले जातात, त्यामुळे गोव्याला स्वर्ग म्हणू नका. पण ती एक सही! सीमेच्या अलीकडे तेवढीही नाही.

त्याहून वाईट म्हणजे पैसा जातो कुठे ते. गावचं घर एकट्या नवऱ्याचंही नसतं. घरपत्रकावर अजून आजोबांचं नाव, सातबाऱ्यावर अकरा हिस्सेदार, वाटणी झालेलीच नाही. मुंबईच्या खोलीचे वीस-पंचवीस लाख भावकीच्या घरावर कौलं, लाद्या आणि संडास होऊन बसतात. उद्या नवरा गेला तर कायद्याने बाई वारस आहेच; पण वाटणी न झालेल्या घरात स्वतःचा हिस्सा मागायला तिने दिरांशी दिवाणी दावा लढायचा, आणि त्यांच्याच पडवीतून ये-जा करायची.

हे मी एका कार्यकर्ता शिबिरात मांडलं तेव्हा आपल्याच एका ज्येष्ठ साथीने सुनावलं, 'तुम्हा शहरी बायकांना गाव नको असतं.' चळवळीतल्या काहींना गाव म्हटलं की गळाच दाटून येतो. स्वावलंबन, माती, बियाणं यांवर तास-तास बोलतील, पण त्या घरात चुलीपुढे कोण बसणार हे विचारलं की विषय किरकोळ होतो. मला गाव नको नाही. आमच्याकडची एक विधवा बाई स्वतःहून राजापूरकडे राहायला गेली. स्वतःच्या नावावर चार गुंठे घेऊन, मुलगा नको म्हणत असताना. तिने ठरवलं आणि ती गेली. माझं भांडण गावाशी नाही, न विचारता हलवण्याशी आहे.

आमच्या केंद्रात आता आम्ही असं करतो. विक्रीचा विषय निघाला की आधी दोन्हीकडचे कागद मागवतो. खोली घेणाऱ्याचा वकील पुष्कळदा बायकोची सही 'मान्यता देणार' म्हणून मागतो, पुढे वाद नको म्हणून. कायद्याने लागो न लागो, घेणाऱ्याला ती हवी असते, आणि बाईच्या हातात तेवढंच एक हत्यार आहे. ती सही लग्नाच्या अक्षतांसारखी टाकून द्यायची नाही, असं आम्ही सांगतो. आधी वाटणीपत्र, मग दुरुस्ती. गावच्या घराला दोघांची नावं. 'घर दोघांचे' हा शासनाचा निर्णय २००३ पासून आहे, ग्रामसेवकाला तो दाखवा. (नमुना आठवरचं नाव म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे, हेही बाईला सांगा, नाहीतर ती गाफील राहील.) विक्रीतली ठरलेली रक्कम तिच्या एकटीच्या खात्यात, सही होण्याआधी. आणि पहिलं वर्षभर मुंबईची जागा विकायची नाही, भाड्याने द्यायची. जमलं तर पुढे बघू.

या शेवटच्या मुद्द्यावर पुरुष सर्वांत जास्त चिडतात. डबेवाल्या बाईच्या नवऱ्याने इसार घेऊन टाकलाय. नावाचं काढलं तर म्हणाला, 'भावकी काय म्हणेल?' ती म्हणाली, 'भावकी माझ्या पोळ्या खाऊन गेली आहे, तिला म्हणू दे.' सही अजून तिने केलेली नाही. घेणाऱ्याच्या वकिलाचे दोन फोन येऊन गेले. सकाळचे डबे चालू आहेत.