विकत न मिळणारे

‘साहित्यिक फराळ’ हे दोन शब्द या संपादकीयात पुन्हा येणार नाहीत, एवढं आश्वासन आधीच देऊन टाकतो. एक तर ते वापरून वापरून सादळलेत. दुसरं म्हणजे खऱ्या फराळाला आता कुणाच्या लेखणीची गरज उरलेली नाही. दहिसर स्टेशनच्या पूर्वेला उतरा नाहीतर पश्चिमेला, चकली-कडबोळ्यांची पाकिटं दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेली दिसतात. चिवडा तर बारमाही. भाजणी तयार मिळते, अनारशाचं पीठ तयार मिळतं, आणि तेवढीही खटपट नको असेल तर चार इमारती सोडून कुणीतरी काकू किलोवर ऑर्डर घेतच असतात. त्यांची चकली आपल्या घरच्यापेक्षा खुसखुशीत आहे हे घरात उघड कबूल करायला थोडा वेळ लागतो, इतकंच.

चकली टिकली ती तिच्या अंगच्या गुणाने. डब्यात पंधरा दिवस राहते म्हणून दुकानात राहते आणि कुरिअरने न्यू जर्सीलाही जाते. दुकानाला जे परवडतं ते जगतं. मग ज्या पदार्थांचं आयुष्यच दहा-पंधरा मिनिटांचं, जे पाकिटात बसत नाहीत आणि फोटोत बरे दिसत नाहीत, त्यांचं काय? यंदाचा दिवाळी अंक जुन्या पदार्थांवर काढायचं ठरलं तेव्हा आम्ही ही एकच कसोटी लावली. विकत मिळतं ते बाजूला काढायचं आणि उरलं त्याकडे बघायचं.

उरलेल्यांत सगळ्यात वरचा मान तांदळाच्या उकडीचा. मोदकाची नव्हे, ताकातली. एक वाटी तांदळाचं पीठ आणि अडीच-तीन वाट्या आंबट ताक. तेलाच्या फोडणीत मोहरी, हिंग, हळद, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता. ताकात गुठळी न राहता कालवलेलं पीठ त्यावर ओतायचं, मीठ आणि नखभर साखर घालून हलवत राहायचं, घट्ट झालं की झाकण ठेवून दोन वाफा आणायच्या. ताटलीत वाढल्यावर वरून कच्चं तेल. झालं. कांदेपोह्यांपेक्षा कमी वेळ लागतो, कारण कांदासुद्धा चिरायचा नाही. उकडीचा दोष एकच : गार झाली की थिजते, आणि थिजलेल्या उकडीला कुणी वाली नाही. लिंक रोडच्या एका सिग्नलला स्कूटर थांबली की तिचा जीव जातो. म्हणून ती मोबाइलवरून मागवता येत नाही. ज्याला खायची आहे त्याने गॅसपासून चार पावलांवर बसावं, हे तिचं म्हणणं आहे आणि ते रास्त आहे.

एक सूचना : पिशवीतलं ताक उकडीला चालत नाही, ते बिचारं फार सभ्य असतं. दही रात्रभर बाहेर ठेवून सकाळी घुसळावं.

तीच गोष्ट पानगीची. तांदळाच्या पिठात पिकलेलं केळं किंवा किसलेली काकडी, मीठ, किंचित साखर, भिजवायला दूध नाहीतर ताक. केळीच्या पानाच्या तुकड्याला तेलाचं बोट लावून त्यावर पातळ थापायची, वर दुसरा तुकडा, आणि तव्यावर दोन्हीकडून भाजायची. खालचं पान करपायला आलं की पानगी आपणहून सुटते. पानाचा तो जळका-हिरवा वास हाच तिचा मसाला. पानाशिवाय थेट नॉनस्टिकवर थापली तर धिरडं होतं. वाईट लागत नाही, पण पानगी नव्हे. लोण्याचा गोळा आणि लिंबाचं लोणचं, बाकी काही लागत नाही.

आपल्याकडे तर तिचं साहित्य दाराशी आहे. दहिसर हे मुंबईचं उत्तरेचं शेवटचं स्टेशन, पुढचं मीरा रोड ठाणे जिल्ह्यात. एका अंगाला नॅशनल पार्कचा डोंगर, जिथल्या तुळशी तलावाकडून आपली नदी येते. दुसऱ्या अंगाला मनोरीची खाडी. आणि वर वसईच्या केळीच्या वाड्या, ज्यांच्या राजेळी केळ्यांची सुकेळी होते. जुन्या गावठाणातल्या घरांभोवती नंतर गिरगाव, लालबाग, परळ सोडून आलेली कुटुंबं वसली : मालवणी, सातारी, खानदेशी. मजल्यावर चार दारं आणि चार स्वयंपाकघरं, एकात कुळथाची पिठी तर शेजारी शेंगोळे. दोन्ही कुळथाचेच, हे दोघींना लिफ्टमध्ये उभ्या असताना कळतं.

आता कसोटीला एक अपवाद, आणि याच अपवादापायी आम्हाला हा विषय सुचला. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की पालघर-डहाणूकडच्या आदिवासी बायका पाट्या घेऊन गाडीने येतात आणि स्टेशनांबाहेर शेवळं मांडून बसतात. सुरणाच्या जातीतल्या रानटी कंदाचा हा फुलोरा. जमिनीतून पानांआधी हाच वर येतो आणि उमलण्याआधी खुडायचा असतो. बाहेरून तपकिरी-जांभळट, आत पिवळा भाग. ये-जा करणाऱ्यांपैकी निम्म्यांना ती पूजेची फुलं वाटत असावीत. जुडीसोबत बाई हिरव्या आवळ्याएवढी चार-सहा फळं देते, ती काकडं. ती का देते हे ज्याला ठाऊक नाही त्याने शेवळं घेऊ नयेत, आणि ठाऊक करून घ्यायचं असेल तर तिलाच विचारावं. सुरणाच्या कुळातल्या भाज्यांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात, घशाला खाज सुटते ती त्यांच्यामुळे. काकडाच्या आंबट रसाने, ते नसलं तर चिंचेच्या कोळाने, खाज मोडते. आतला पिवळा भाग काढून टाकायचा, वरचा बारीक चिरायचा, तेलावर चांगला परतायचा आणि आंबटासोबत पुरता शिजवायचा. घाई करायची नाही. सीकेपी घरांत याची कणी होते, सोडे घालून होते, खिम्यातही पडते. चव कशासारखी हे सांगता येत नाही, दुसऱ्या कशाची आठवणच होत नाही.

शेवळं विकत मिळतात, पण शेवळाची भाजी मिळत नाही. आणि घेणारे कमी झाले तर बाई पाटी आणायची बंद होईल. तिचा हिशेब सरळ आहे : पहाटे रानात जायचं, गाडी पकडायची, दुपारपर्यंत विकून परत जायचं. शिल्लक माल तिला दुसऱ्या दिवशी उपयोगाचा नाही. टाकळा, कुर्डू, फोडशी, कंटोळी, भारंगी यांचंही थोड्याफार फरकाने हेच. पाककृती पुस्तकात राहील, इंटरनेटवर व्हिडिओ राहील, पण जुडी कुठली ओळखायची आणि कितपत कोवळी घ्यायची हे त्या पाटीपाशी उभं राहूनच शिकायचं असतं. एक पदार्थ आपण करायचा सोडला की फक्त आपल्याच घरातून जात नाही.

पुस्तकांचे उपकार कमी नाहीत. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ 1910 सालचं आणि कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ 1970 ची. ‘रुचिरा’ आली तेव्हा घरोघर कुकर शिरत होता (हॉकिन्स आणि प्रेस्टिज दोन्ही 1959 चे), नोकरीपायी वेगळी बिऱ्हाडं होत होती, आणि नव्या सुनेला ‘अंदाजाने घाल’ असं सांगणारं माणूस हाकेच्या अंतरावर नव्हतं. वाटी-चमच्याचं माप ही तेव्हाची खरी गरज होती. त्या मापांवर दोन पिढ्या शिजवायला शिकल्या.

पुस्तकांबाहेरची एक शाळा आपल्या लायनीवर रोज भरते. चर्चगेटहून संध्याकाळी परतणाऱ्या लोकलचा बायकांचा डबा. तिथे मटार सोलले जातात, गवार मोडली जाते, मेथी निवडली जाते आणि निवडता निवडता कृती सांगितल्या जातात. कितीतरी मालवणी घरांत खानदेशी खिचडी याच डब्यातून शिरली असेल. मेट्रोत बसून मेथी निवडताना अजून कुणी दिसलेलं नाही. तिथे स्वच्छता फार.

जुनं ते सगळंच परत आणावं असं आमचं म्हणणं मुळीच नाही. मांडे घ्या. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मंडक म्हणून त्यांचा उल्लेख आहे, म्हणजे वंशावळ भक्कम. पण ती कणीक हातांवर झुलवत वाढवायची आणि उपड्या खापरावर टाकायची, तेही दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये? ज्यांचा हात बसलेला आहे त्यांच्याकडून घ्यावेत, नाहीतर मनातच खावेत. वालाच्या बिरड्याचं मधलं काही निघालंय : भिजवणं, मोड आणणं आणि एकेक दाणा सोलणं हे काम बाजाराने उचललं, सोललेले वाल मंडईत मिळतात. ते आणताना अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. पोपटी आम्हाला फार प्रिय, पण भांबुर्ड्याचा पाला लावलेलं मडकं पेटत्या गवतात ठेवायला इमारतीच्या गच्चीची परवानगी सोसायटीचे सेक्रेटरी देतील असं वाटत नाही. त्यासाठी थंडीत रायगडात कुणाच्या तरी शेतावर ओळख काढावी.

आणि एक गोष्ट, जी अशा अंकांत सहसा हळू आवाजात लिहिली जाते. आजीच्या हातच्या चवीबद्दल सर्वांत हळवं लिहिणारे बहुतेक वेळा पुरुष असतात, आणि त्यांतल्या अनेकांनी आजीला पाटा धुवायलासुद्धा मदत केलेली नसते. ती चव पाट्या-वरवंट्यावर, जात्यावर, चुलीच्या धुरात आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या बाईच्या पाठदुखीवर उभी होती. तो काळ परत यावा असं तिला विचारलं असतं तर ती काय म्हणाली असती, याची कल्पना करता येते. म्हणून यंदाच्या अंकासाठी आमचा नियम साधा : ज्याला आठवण आली त्याने गॅस पेटवावा. उकड आणि पानगी कसोटीला उतरतात त्याचं हेही एक कारण. सकाळची 7.50 पकडणाऱ्या माणसालाही त्या रविवारी जमतात, आणि कधीच स्वयंपाक न केलेल्यालाही.

अंकातल्या पाककृतींसोबत फोटो नाहीत. काटकसर म्हणून नव्हे. उकडीचा फोटो काढून पाहिला, तो छापला असता तर तिची उरलीसुरली पतही गेली असती.

आता दिवाळीचंच बोलायचं तर नरक चतुर्दशीची सकाळ. सिंधुदुर्गात आणि गोव्यात अभ्यंगस्नान झालं, तुळशीपाशी कारीट फोडलं की खायचे ते पोहे. भात नुकतंच घरात आलेलं असतं, त्या नव्या भाताचे. गूळ-खोबऱ्याचे, दुधातले, ताकात कालवून फोडणी दिलेले, नारळाच्या रसातले. गोव्यात त्यांना फोव म्हणतात आणि एकाच सकाळी चार-पाच प्रकार मांडतात. दहिसरमधल्या मालवणी घरांत अजून निदान एक प्रकार होतो, पण शेजारी तोवर चकलीच्या डब्याला हात घातलेला असतो. यांतला एकही प्रकार कुठल्या पाकिटात मिळत नाही. यंदा फराळ खुशाल विकत आणा आणि वाचलेल्या वेळातली पंधरा मिनिटं या सकाळला द्या.

रसातले सर्वांत सोपे. नारळाचं घट्ट दूध, त्यात चिरलेला गूळ विरघळवायचा, वेलची आणि मिठाची चिमूट. गॅसवर ठेवायचा नाही, रस फाटतो. डब्यातलं नारळाचं दूध चालेल का, असं विचाराल. चालेल, फार दाट असेल तर थोडं पाणी घाला. पोहे मात्र जाडेच घ्या, धुऊन निथळत ठेवा, आणि शेवटचा माणूस न्हाणीघरातून बाहेर आल्याखेरीज रसात घालू नका. पाच मिनिटांनंतर त्यांची खीर व्हायला लागते.