शब्दांची सत्ता आणि संवादाची शिस्त

सभा जिंकणारा वक्ता आणि प्रश्न विचारणारा तत्त्वज्ञ यांच्यातील वाद अथेन्समध्ये अडीच हजार वर्षांपूर्वी रंगला. सार्वमत, समाजमाध्यमे आणि यंत्रलिखित प्रचाराच्या आजच्या काळातही तो मिटलेला नाही.

कर्जदात्यांच्या अटी स्वीकारायच्या की नाही, या प्रश्नावर ५ जुलै २०१५ रोजी ग्रीसमध्ये सार्वमत झाले. घोषणा आणि मतदान यांत जेमतेम आठ दिवसांचे अंतर होते. ज्या प्रस्तावावर कौल मागितला होता, त्याची मुदतही मतदानापूर्वीच संपली होती. ६१ टक्क्यांहून अधिक मतदारांनी 'नाही' असे उत्तर दिले आणि अथेन्सच्या चौकांत जल्लोष झाला. मात्र १३ जुलै रोजी त्याच सरकारने युरोपीय नेत्यांशी केलेल्या समझोत्यात कठोर अटी मान्य केल्या. पुढच्याच वर्षी ब्रिटनने ५२ विरुद्ध ४८ टक्के अशा निसटत्या कौलाने युरोपीय संघातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला आणि 'पुन्हा विचारा' ही मागणी तेथे कित्येक महिने गाजत राहिली. लोकांनी एकदा दिलेला कौल पुन्हा तपासून पाहावा काय आणि तो देताना त्यांनी विचार केला होता की केवळ भाषणे ऐकली होती, हे प्रश्न नवे नाहीत. त्यांची पहिली आणि कदाचित सर्वांत कठोर चर्चा झाली ती अथेन्समध्येच.

इसवी सनपूर्व ४२७ मध्ये लेस्बॉस बेटावरील मिटिलिनी या बंडखोर नगराने अथेन्सपुढे शरणागती पत्करली. संतापलेल्या लोकसभेने तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करण्याचा आणि स्त्रिया व मुलांना गुलाम करण्याचा ठराव संमत केला. तो घेऊन युद्धनौका रवानाही झाली. दुसऱ्या दिवशी मात्र नागरिकांना आपल्याच निर्णयाची धास्ती वाटू लागली आणि सभा पुन्हा भरली. इतिहासकार थ्युसिडिडीस याने त्या सभेतील दोन भाषणे नोंदवून ठेवली आहेत. क्लिऑनने फेरविचारालाच विरोध केला. नागरिक राज्यकारभाराच्या सभेत बसतात, पण वागतात मात्र सोफिस्टांची भाषणे ऐकायला बसलेल्या प्रेक्षकांसारखे, असा त्याचा आरोप होता. वक्तृत्वाच्या मोहावर तुटून पडणारे त्याचे भाषण स्वतःच वक्तृत्वाचा उत्तम नमुना होते, ही गोष्ट वेगळी! त्याला उत्तर देणाऱ्या डायोडोटसने घाई आणि क्रोध हे सुविचाराचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. न्यायाचा मुद्दा बाजूला ठेवून त्याने केवळ अथेन्सच्या हिताचा हिशेब मांडला. शिवाय, ज्या नगरात प्रत्येक वक्त्यावर संशय घेतला जातो, तेथे हिताचा सल्ला देणाऱ्यालाही खोटे बोलावे लागते, अशी बोचरी कबुलीही त्याने दिली.

डायोडोटसचा ठराव अगदी थोड्या मतांनी संमत झाला. दुसरी नौका निघाली, तेव्हा पहिली सुमारे एक दिवस आणि एक रात्र पुढे होती. नावाड्यांनी वल्ही न थांबवताच जेवण उरकले आणि आळीपाळीने झोप घेतली. पहिल्या नौकेला अघोरी कामगिरीची घाई नव्हती. जुना हुकूम वाचून होतो न होतो तोच नवा हुकूम किनाऱ्याला लागला आणि नगर वाचले. अर्थात ही कथा निर्भेळ करुणेची नाही. बंडाच्या प्रमुख सूत्रधारांना, थ्युसिडिडीसच्या नोंदीनुसार हजाराहून थोड्या अधिक लोकांना, तरीही मृत्युदंड देण्यात आला.

योगायोग असा, की त्याच वर्षी सिसिलीतील लिओन्टिनी नगराचा दूत म्हणून गॉर्जियस अथेन्समध्ये आला आणि त्याच्या भाषणांनी नगर भारावून गेले. औषधांचा शरीरावर जो परिणाम होतो, तोच शब्दांचा मनावर होतो, असा त्याचा सिद्धांत होता. औषध बरे करते, तसेच मारतेही. ही कला शिकवणाऱ्या सोफिस्टांकडे महत्त्वाकांक्षी तरुणांची रीघ लागली, कारण लोकसभेत आणि न्यायसभेत जिंकण्याचे दुसरे साधनच नव्हते.

याच गॉर्जियसच्या नावाने प्लेटोने पुढे एक संवाद लिहिला. त्यात सॉक्रेटिस वक्तृत्वाला कला मानायला तयार नाही. ती केवळ खुशामतीची हातोटी आहे, असे तो म्हणतो. मुलांच्या न्यायसभेपुढे वैद्य आणि आचारी यांचा खटला चालला, तर कडू औषध देणारा वैद्य हरणारच, हा त्याचा दाखला आजच्या निवडणूक प्रचारालाही चपखल बसतो. मात्र सॉक्रेटिसचा खरा आग्रह पद्धतीचा आहे. लांब भाषणे नकोत, प्रश्नाला थोडक्यात उत्तर हवे आणि आपले म्हणणे खोडले गेले तर आनंद मानण्याची तयारी हवी. चुकीच्या मतातून सुटका होणे हा त्याच्या लेखी लाभ आहे, पराभव नव्हे. येथे संवाद ही निव्वळ बोलण्याची रीत न राहता नीतीची कसोटी बनते.

तथापि प्लेटोने आपल्या नायकाला सोपा विजय दिलेला नाही. अन्याय करण्यापेक्षा सोसणे बरे, हा सॉक्रेटिसचा सिद्धांत कॅलिक्लीस अखेरपर्यंत मनापासून स्वीकारत नाही. तो उत्तरे देण्याचे टाळू लागतो आणि सॉक्रेटिसला स्वतःच्याच प्रश्नांची उत्तरे स्वतः द्यावी लागतात. समोरच्याची इच्छा नसेल, तर संवादाचेही एकतर्फी भाषण होते, याची ही प्रांजळ नोंद आहे. इसवी सनपूर्व ३९९ मध्ये तर खुद्द सॉक्रेटिसच न्यायसभेपुढे हरला. प्लेटोच्या वृत्तांतानुसार ३० मते फिरली असती, तर तो सुटला असता. मृत्युदंडाच्या खटल्याला अन्य नगरांप्रमाणे एकाहून अधिक दिवस दिले असते, तर तुमचे मन वळवता आले असते, असे तो न्यायाधीशांना सांगतो. पाणघड्याळाने मोजलेला वेळ भाषणाला पुरतो, संवादाला पुरत नाही.

या कोंडीतून वाट काढण्याचा प्रयत्न ॲरिस्टॉटलने केला. वक्तृत्वाचा दुरुपयोग होतो हे त्याला मान्य होते, पण सद्गुण सोडले तर प्रत्येक चांगल्या गोष्टीचा दुरुपयोग होऊ शकतो, असे त्याचे उत्तर होते. सत्य आणि न्याय यांची बाजू स्वभावतःच बळकट असते. ती हरली, तर दोष ती नीट न मांडणाऱ्यांचा. वक्त्याचे चारित्र्य, श्रोत्यांची भावना आणि युक्तिवाद ही मन वळवण्याची त्याने सांगितलेली तीन साधने आजही प्रमाण मानली जातात. प्लेटोच्याच संवादात गॉर्जियस सांगतो, की वैद्य असलेल्या भावाचे औषध नाकारणाऱ्या रोग्यांना तो आपल्या बोलण्याने राजी करीत असे. ॲरिस्टॉटलची भूमिका जणू या दाखल्याचाच विस्तार आहे. सत्याला चांगला वकील नको, हा सज्जनांचा अहंकार नेहमी महागात पडतो.

मात्र संवादाचे केवळ रूप असून भागत नाही. इसवी सनपूर्व ४१६ मध्ये मेलॉस बेटाच्या प्रतिनिधींशी अथेन्सच्या दूतांनी लांब भाषणे टाळून प्रश्नोत्तरांच्याच रीतीने बोलणी केली. पण न्यायाची भाषा समबळांतच शोभते, असे त्यांनी आधीच बजावले होते. मेलॉसच्या पुरुषांची कत्तल झाली, स्त्रिया आणि मुले गुलाम झाली. या वेळी दुसरी नौका निघाली नाही. शिवाय अथेन्सच्या त्या सभेत स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना स्थान नव्हते, हेही विसरता येत नाही.

आजच्या लोकशाह्यांनी अथेन्सच्या चुकांवर काही उपाय योजले आहेत. दुसरे सभागृह, अपिलाची सोय, घटनादुरुस्तीसाठी विशेष बहुमत हे सारे दुसरी नौका सज्ज ठेवण्याचेच मार्ग आहेत. भारतात मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत प्रचारावर बंदी आहे, तीही याच जाणिवेतून. परंतु मैदानातील सभा थांबते तेव्हा खिशातील फोन थांबत नाही. आता तर यंत्र क्षणात हजारो मतदारांसाठी हजार वेगवेगळे मजकूर तयार करू शकते. गॉर्जियसला किमान सभेत उभे राहावे लागे आणि त्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय होती. निनावी संदेशाला प्रश्न विचारता येत नाही, त्याला चारित्र्य नाही आणि खोटे उघड झाल्यावर मान खाली घालायला चेहराही नाही.

म्हणूनच वक्तृत्वाला नावे ठेवून काही साधणार नाही. बोलणाऱ्याला उत्तर देणे भाग पडेल, ऐकणाऱ्याला फेरविचाराची सवड मिळेल आणि हरलेल्या बाजूलाही पुन्हा बोलता येईल, अशी व्यवस्था संसदेत, वृत्तवाहिन्यांवर आणि सार्वमताच्या नियमांत किती उरली आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे आहे. मिटिलिनीला एका भाषणाने वाचवले हे खरे. पण त्या भाषणाला दुसरा दिवस मिळाला नसता, तर डायोडोटसचे नावही इतिहासाला ठाऊक झाले नसते.