सकाळची एसटी आणि रात्रीचं दप्तर

पळसदेवहून रोज शिकायला बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनो, हे तुमच्यासाठी आहे. चार ओळी तुमच्या आईवडिलांसाठीही आहेत. त्या त्यांना वाचून दाखवा.

तुमच्यातलं कोणी भिगवणला जातं, कोणी इंदापूरला, कोणी बारामतीला. वसतिगृहातल्या मुलांचं वेळापत्रक तुम्हाला लागू पडणार नाही. तुमचं वेळापत्रक एसटी ठरवते. एक गाडी चुकली की पहिला तास गेला. परतीची चुकली की घरी पोचेपर्यंत दिवेलागण होते. मग अभ्यासाला बसायचं कधी आणि झोपायचं कधी?

म्हणून तुमचा दिवस आदल्या रात्री सुरू करा.

जेवण झालं की दहा मिनिटं काढा. उद्याच्या तासांची वह्यापुस्तकं दप्तरात भरा. गणवेश खुंटीला लावा. पास, ओळखपत्र आणि थोडे सुटे पैसे दप्तराच्या एकाच कप्प्यात ठेवा. तो कप्पा बदलू नका. पाण्याची बाटली धुऊन पालथी घाला. सकाळी अंधारात एकीकडे बूट आणि दुसरीकडे वही शोधत बसलं की पहिला बळी न्याहारीचा जातो. उपाशी पोटी गाडीत उभं राहिलं की चक्कर येते, आणि तिसऱ्या तासाला फळ्यावरचं डोक्यात शिरत नाही.

न्याहारीला वेगळं काही लागत नाही. रात्रीची भाकरी, दूध, चटणी, मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा एवढं पुरतं. नुसत्या चहा-बिस्किटावर निघू नका. डब्यात मटकी, हुलगे, चवळी, पालेभाजी यातलं काहीतरी असू द्या. वर लिंबू पिळा. भाजीतलं लोह त्यामुळे अंगी लागतं. जेवणाला लागून घेतलेला चहा तेच लोह अडवतो, तेव्हा चहा तासभर लांब ठेवा. मासे खाणाऱ्या घरात उजनी धरणातली चिलापी असतेच. स्टँडवरच्या वड्यापेक्षा ती कितीतरी बरी.

शाळेत लोहाची निळी गोळी देतात. ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते. काहीजण ती खिशात ठेवतात आणि वाटेत टाकून देतात. तसं करू नका. जेवणानंतर घ्या, म्हणजे मळमळत नाही. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, ते गोळीमुळेच होतं. जिना चढताना धाप लागत असेल किंवा पापणी आतून फिकी दिसत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.

आता मुलींशी थोडं सविस्तर बोलतो, कारण हे घरात फारसं कोणी बोलत नाही. वाटेत स्वच्छ शौचालय मिळत नाही, म्हणून तुमच्यातल्या कित्येकजणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यातही नाही. त्यातून लघवीला जळजळ होते, ताप येतो, डोकं दुखतं आणि आठवडा घरात जातो. पाणी पीत राहा, आणि वर्गात पोचल्यावर व घरी निघण्याआधी लघवीला जाऊन या. शाळा-कॉलेजातलं शौचालय वापरण्यासारखं नसेल तर चारजणी मिळून बाईंना सांगा. एकटीनं सांगायला संकोच वाटतो, चौघींना वाटत नाही. पाळीच्या दिवसांसाठी दोन पॅड दप्तरात कायम असू द्या. जळजळ झाली तर लपवू नका, दवाखान्यात जा.

पाणी घरचंच न्या. उजनीचा फुगवटा दारात असला तरी ते पाणी तसंच प्यायचं नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी नदीतून तिथेच येतं. उकळलेलं किंवा शुद्ध केलेलं पाणीच बाटलीत भरा.

झोपेचं गणित सोपं आहे. तुमच्या वयाला किमान आठ तास झोप लागते. पाचला उठायचं तर नऊला अंथरुणावर. मोबाईल मधल्या खोलीत ठेवा आणि गजराला साधं घड्याळ वापरा. ग्रुपवर आलेल्या नोट्सचा फोटो जपून ठेवला म्हणजे अभ्यास झाला असं वाटतं, पण तो हातानं वहीत उतरवाल तेव्हाच होतो. गाडीत हलत्या पुस्तकाकडे बघून मळमळत असेल तर पुस्तक मिटा. काल काय शिकलो ते मनात आठवत जा. बारामतीपर्यंतच्या रस्त्यात एक धडा सहज उजळतो.

आईवडिलांनो, हे तुमच्यासाठी. शेतीची लाईट रात्रीची असली की दारं धरायला पोरगं जातं. घरची नड मला कळते. पण रात्री दोनला उसात उभा राहिलेला मुलगा सकाळी वर्गात झोपतो. बारावीच्या वर्षी, निदान जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत, त्याची पाळी दुसऱ्या कोणावर टाका. जावंच लागलं तर पायात गमबूट आणि हातात बॅटरी असू द्या. साप चावला तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

पुणे-सोलापूर महामार्ग पळत ओलांडायचा नाही. समोर गाडी लागलेली दिसली तरीही नाही. पूल किंवा भुयारी रस्ता लांब पडला तरी तिथूनच जा. पुढची एसटी येतेच.

पासाचंही नीट समजून घ्या. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा पास मोफत आहे. बाकी विद्यार्थ्यांना सवलतीत तिकिटाचा साधारण एक तृतीयांशच भार पडतो. पासाची मुदत संपायच्या चार दिवस आधीची तारीख घरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल करून ठेवा.

आता कागदपत्रं. इथे पोरांचं फार नुकसान होतं.

उजनीच्या पाण्यात जुनं पळसदेव गेलं. पाणी फार उतरलं की पळसनाथाचं देऊळ अजून वर दिसतं. घरं उचलून वर आली तेव्हा ज्यांनी कागद जपले, त्यांच्या नातवंडांना आज प्रकल्पग्रस्ताचा दाखला कामाला येतो. तुमच्या घरात तो असेल तर कुठे आहे ते आजीआजोबांना विचारून घ्या.

एक प्लॅस्टिकची फाईल करा. आधार, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला आणि बँकेचं पासबुक, सगळं तीत ठेवा. प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स काढा. आधारवर आणि गुणपत्रिकेवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का ते बघा. एका काना-मात्रेवरून शिष्यवृत्ती अडकते. महाडीबीटी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीचे पैसे आधार जोडलेल्या खात्यातच येतात, तेव्हा बँकेत जाऊन एकदा खात्री करा.

दाखल्यांसाठी जूनमध्ये इंदापूरला सेतू केंद्रात रांगा लागतात. परीक्षा संपली की एप्रिल-मेमध्येच अर्ज द्या. आरक्षणातून इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच द्या. त्या कामाला महिनेही लागतात.

एवढं सगळं करूनही कधी जीव घाबरा होईल. मार्क कमी पडतील, झोप लागणार नाही, कोणाशी बोलावंसं वाटणार नाही. तेव्हा आईला सांगा, ज्यांच्यावर विश्वास आहे त्या सरांना सांगा. कोणालाच सांगता येत नसेल तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारची सेवा आहे, रात्रंदिवस चालू असते, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर फाईलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. शेजारीच पासाची तारीखही लिहा.