विश्लेषण : विक्रांत भंगारात गेली, तिची ड्रॉइंग्ज तरी खुली करा

पहिली आयएनएस विक्रांत ७०० फूट लांब होती. जहाजांच्या प्लॅस्टिक मॉडेलमध्ये जगभर सर्वांत जास्त चालणाऱ्या प्रमाणांपैकी एक आहे १:७००. म्हणजे त्या प्रमाणात विक्रांत भरते बरोबर एक फूट. शाळेतल्या फूटपट्टीएवढी. टीव्हीखालच्या कपाटातही आरामात बसेल.

खऱ्या विक्रांतला मात्र आपल्याकडे जागा मिळाली नाही. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्टमध्ये भारतीय नौदलात दाखल झालेली, १९७१च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढलेली आणि ३१ जानेवारी १९९७ला निवृत्त झालेली ही विमानवाहू नौका २००१ ते २०१२ या काळात मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती. तुमच्यापैकी काहींनी शाळेच्या सहलीत ती पाहिलीही असेल. २०१४ मध्ये साधारण ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला आणि दारूखान्यात ती तोडली गेली. तिच्या लोखंडाचा काही भाग नंतर एका मोटारसायकलमध्ये वापरला गेला. त्याची जाहिरात तुम्हाला जहाजापेक्षा जास्त आठवत असेल.

एवढं मोठं जहाज टिकवणं किती खर्चिक असतं, हा वाद आता उकरून काही हाती लागणार नाही. माझं म्हणणं त्याहून स्वस्त आहे. युद्धनौका किंवा लढाऊ विमान निवृत्त झालं की त्याची मोजमापं, बाह्य ड्रॉइंग्ज आणि फोटो सर्वसामान्यांसाठी खुले व्हायला हवेत. त्यांची गरज सर्वांत आधी कोणाला भासते? रिकाम्या वेळात प्लॅस्टिकची विमानं आणि जहाजं जोडत बसणाऱ्या मंडळींना.

कोणत्या सालची विक्रांत?

एक फुटाची विक्रांत करायला बसलात की पहिलाच प्रश्न अडवतो: कोणत्या सालची? १९७१ मधल्या विक्रांतच्या डेकचं पुढचं टोक सपाट होतं. विमान गलोलीतल्या दगडासारखं पुढे फेकणारं वाफेचं कॅटपल्ट तिच्यावर होतं आणि डेकवर सी हॉक व अलिझे ही विमानं होती. ऐंशीच्या दशकात सी हॅरियर आली, जहाजाची मोठी डागडुजी झाली, कॅटपल्ट गेलं आणि पुढच्या टोकाला घसरगुंडी उलटी लावल्यासारखा ९.७५ अंशांचा स्की-जंप आला. नाव एकच, पण आकार दोन. चुकीच्या डेकवर चुकीचं विमान ठेवलं की जाणकाराला ते दुरूनच खटकतं.

मधल्या काळात रडार बदलली, तोफांच्या जागा बदलल्या, डेकवरच्या पट्ट्या नव्याने रंगवल्या गेल्या. विक्रांतचा जन्म ‘एचएमएस हर्क्युलिस’ म्हणून ब्रिटनमध्ये झाला. ब्रिटिश जहाजांच्या ड्रॉइंग्जचा मोठा संग्रह ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहे आणि तिथून प्रती पैसे भरून मागवता येतात. म्हणजे जहाजाच्या ब्रिटिश मुळापर्यंत जायला एक वाट आहे. ते आपलं झाल्यानंतर त्यात जे बदल झाले, त्यांच्यासाठी मात्र जुन्या मासिकांतले धूसर फोटो आणि निवृत्त नौसैनिकांचे अल्बम, एवढाच आधार उरतो.

हे खेळणं नाही, हा मोजमापाचा उद्योग आहे

ज्यांनी कधी किट उघडलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खोक्यात विमान नसतं, चौकटीला लटकलेले शे-दीडशे सुटे भाग असतात. ते कापायचे, कडा घासायच्या, जोडायचे. वापरला जाणारा द्रव खरं तर चिकटवत नाही. तो पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन भाग एकजीव होतात. आपल्या भाषेत सांगायचं तर ते वेल्डिंगच आहे. मग भेगांत पुट्टी, प्राइमर, एअरब्रशने रंग, पाण्यात भिजवून सरकवायच्या खुणा आणि शेवटी धूर, तेल, गंज यांचे डाग. लढाऊ विमानांसाठी १:७२ आणि १:४८, जहाजांसाठी १:७०० आणि १:३५० ही नेहमीची प्रमाणं. (वन बीएचकेमध्ये थिनर वापरणार असाल तर खिडकी उघडी ठेवा आणि साधा कापडी नव्हे, वाफ अडवणारा मास्क लावा. घरच्यांची तक्रार रास्त असते.)

खरी गंमत आकड्यांत आहे. १:७२च्या विमानात पंखाची मागची कड अर्ध्या मिलिमीटरची राहिली, तर खऱ्या विमानावर ती ३.६ सेंटिमीटर जाड झाली. असं विमान बनवणाऱ्या कारखान्यात कोणी पास करणार नाही. १:७०० मध्ये डेकच्या कडेचा कठडा घ्या. खरी नळी २५ मिलिमीटरची धरली, तर मॉडेलमध्ये ती ०.०४ मिलिमीटरपेक्षाही बारीक हवी, म्हणजे केसाहून पातळ. म्हणून प्लॅस्टिक सोडून रसायनाने कोरलेला पितळी पत्रा वापरतात. तो ०.१ मिलिमीटरचा असला तरी प्रमाणात सात सेंटिमीटरचा कठडा होतो. सी हॉकचे पसरलेले पंख या प्रमाणात मिळून १.७ सेंटिमीटर. त्यावर वैमानिकाची काच रंगवायची.

पहिल्या वर्षाला इंजिनीअरिंग ड्रॉइंगची शीट काचेवर ठेवून ‘जीटी’ मारलेल्या पिढ्या आपल्याकडे कमी नाहीत. वरून, समोरून, बाजूने अशी तीन दृश्यं का काढायची, हे त्या विषयात क्वचितच कळतं. एक जहाज प्रमाणात बनवायला घेतलं की दुसऱ्याच दिवशी कळतं, कारण बाजूचं दृश्य नसेल तर हात थांबतो.

एकच डिझायनर, दोन नशिबं

परदेशी विमानांची किट ढिगाने मिळतात, आपली का नाहीत? नेहमीचं उत्तर आहे साचा. प्लॅस्टिक इंजेक्शनने भरायचं तर पोलादी साचा लागतो आणि भोसरी-वसईच्या टूलरूममध्ये काम केलेला कोणीही सांगेल की खर्च तिथेच होतो. प्लॅस्टिकला काय लागतं? म्हणून जे हजारोंनी खपेल त्याचंच किट निघतं. मिग-२१ कितीतरी देशांनी उडवलं, त्यामुळे त्याची किट भरपूर. नॅटचं वर्षानुवर्षं सहज मिळणारं किट होतं ब्रिटिश हवाई कसरतींच्या पथकातल्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचं. १९६५ आणि १९७१ मध्ये आपले वैमानिक लढले ते एक आसनी नॅटमधून.

पण सर्वांत बोलकं उदाहरण मरुतचं. एचएफ-२४ मरुत हे भारतात घडलेलं पहिलं लढाऊ जेट. जर्मन अभियंता कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूत एचएएलमध्ये त्याचं डिझाइन झालं आणि १७ जून १९६१ला ते पहिल्यांदा उडालं. त्याच टँक यांनी दुसऱ्या महायुद्धातलं फॉकवुल्फ १९० हे विमान बनवलं होतं. फॉकवुल्फची किट जपानपासून चेक प्रजासत्ताकापर्यंत असंख्य कंपन्यांनी काढली, आजही काढतात. मरुतची बोटांवर मोजावी लागतात. मरुत एकूण १४७ बनली, हे एक कारण झालं. दुसरं असं की फॉकवुल्फवर ड्रॉइंग्जसकट पुस्तकांची रांग उभी आहे. विक्रांतसाठी निदान ग्रिनिचला अर्ज करता येतो. मरुत पूर्णपणे आपलं, त्यामुळे त्याची माहितीही फक्त आपल्याकडेच.

आणि साच्याची सबब आता जुनी झाली. रेझिनचा थ्रीडी प्रिंटर घरातल्या टेबलावर मावतो आणि दहा नगांसाठी कोणी साचा बनवत नाही. एक अचूक फाइल तयार झाली की नाशिकमध्येही विमान छापता येतं आणि न्यू जर्सीतही. अडतंय ते फक्त अचूक मोजमापावर. अटल टिंकरिंग लॅबच्या रूपाने देशातल्या १० हजारांवर शाळांमध्ये अशा प्रयोगांची सोय झाली आहे, त्यात थ्रीडी प्रिंटरही येतात. त्यांवर मुलांनी नावाचं कीचेन छापायचं की मरुत, हे फाइल कोणती मिळते यावर ठरेल.

गुपितं फुटतील त्याचं काय?

हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नये, कारण त्याला इतिहास आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत रेव्हेल कंपनीने ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या अण्वस्त्रवाहू पाणबुडीचं किट काढलं. तीनेक डॉलरच्या खोक्यात शत्रूला कोट्यवधींची माहिती मिळतेय, म्हणून अणुपाणबुड्यांचे जनक ॲडमिरल रिकोव्हर भडकले. पाणबुडी तेव्हा सेवेत होती, त्यामुळे त्यांचा राग समजण्यासारखा आहे.

१९८६ मध्ये उलटं घडलं. टेस्टर्स कंपनीने ‘एफ-१९ स्टेल्थ फायटर’ नावाचं किट बाजारात आणलं आणि ते तुफान खपलं. सरकार ज्या विमानाचं अस्तित्वही मान्य करत नव्हतं ते दुकानात कसं, असा गहजब झाला. नोव्हेंबर १९८८ मध्ये खरं विमान, एफ-११७, जगापुढे आलं तेव्हा कळलं की किटमधलं गुळगुळीत विमान ही निव्वळ कल्पना होती. खरं विमान हिऱ्यासारखं कोनाकोनांचं होतं.

आपण ज्यांच्याबद्दल बोलतोय ती जहाजं तर सेवेत नाहीत, अस्तित्वातही नाहीत. जी नौका दहा वर्षं तिकीट काढून लोकांना दाखवली, तिच्या डेकची लांबी-रुंदी गुपित कशी असेल? रडारच्या आतलं सर्किट किंवा दारूगोळ्याची कोठारं कोणी मागत नाही. हवं आहे ते बाजूचं दृश्य, वरचं दृश्य, दर काही फुटांवरचे छेद आणि कोणत्या वर्षी काय बदललं याची यादी. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये युद्धांच्या नोंदींबाबत धोरण जाहीर केलं, त्यात दस्तऐवज साधारणपणे २५ वर्षांत खुले करण्याचं सूत्र आहे. विक्रांतच्या निवृत्तीला २५ वर्षं २०२२ मध्येच पूर्ण झाली. युद्धाच्या डायऱ्यांना लागू होणारं सूत्र जहाजाच्या बाह्य ड्रॉइंगला लावायला हरकत का असावी?

अमेरिकन नौदलाने तर ऐन युद्धात, १९४२ मध्ये, शाळांना विमानांचे आराखडे पाठवले. शत्रूचं विमान आकारावरून ओळखण्याच्या सरावासाठी त्यांना पाच लाख लाकडी मॉडेल हवी होती आणि ती शाळकरी मुलांकडून करून घेतली गेली. प्रमाण १:७२. कारण ३५ फुटांवर धरलेलं त्या आकाराचं मॉडेल साधारण अर्ध्या मैलावरच्या खऱ्या विमानाएवढं दिसतं.

जहाज बुडालं, मॉडेल उभं

जपानची ‘यामातो’ ही युद्धनौका १९४५ मध्ये बुडाली. आज कुरे शहरातल्या संग्रहालयात तिचं १:१० प्रमाणातलं मॉडेल उभं आहे, २६.३ मीटर लांब. २००५ मध्ये ते लोकांसाठी खुलं झालं. हाती असलेली ड्रॉइंग्ज, फोटो आणि समुद्रतळावरच्या अवशेषांचं चित्रण, हे सगळं जुळवून ते बनवलंय. कुरेचं म्युझियम आज ‘यामातो म्युझियम’ म्हणूनच ओळखलं जातं. समुद्राच्या तळाशी गेलेल्या जहाजाबाबत हे जमलं.

‘हे युद्धाचं उदात्तीकरण नाही का?’ असंही विचारलं जातं. काहींसाठी असेलही. पण एका विमानाच्या एक्झॉस्टमागची काजळी रंगवायला आठ संध्याकाळी घालवणारा माणूस मला तरी युद्धज्वराने पेटलेला वाटत नाही. टीव्हीवरच्या चर्चांमध्ये ज्वर जास्त असतो.

आयएनएस विराटच्या वेळीही आपल्याला संधी होती. २०१७ मध्ये ती निवृत्त झाली, २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवतीजवळ ८५२ कोटींच्या तरंगत्या संग्रहालयाला मंजुरी दिली आणि सप्टेंबर २०२० मध्ये जहाज मुंबईहून अलंगला तोडायला निघालं. पुढच्या वेळी भंगाराच्या निविदेआधी एक छोटी निविदा निघावी: संपूर्ण जहाजाचं लेझर स्कॅनिंग आणि मूळ रंगाच्या नमुन्यांची नोंद, आणि त्या फाइल विनाशुल्क डाउनलोडसाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालेल्या मिग-२१ साठी तर हे आजही करता येईल. त्यातली कित्येक विमानं आपल्या ओझरलाच बनली आणि चौकाचौकांत बसवण्यासाठी त्यांना आता मागणी असेल. उघड्यावर ठेवलेल्या विमानाला दर काही वर्षांनी नवा रंग फासावा लागतो आणि मूळ छटा खाली गाडली जाते. म्हणून नोंद आधी, चौथरा नंतर.

तोवर वास्कोजवळचं नौदल विमान संग्रहालय आहे. विक्रांतच्या डेकवरून उडालेल्या तिन्ही प्रकारची विमानं, सी हॉक, अलिझे आणि सी हॅरियर, तिथे एकाच आवारात पाहता येतात. मरुत बघायचं असेल तर तेवढंही लांब जायला नको. एक वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरमध्ये उभं आहे.