कोमटपणावर बंदी कोण घालणार?

‘डेथ मेटल’ या कर्कश संगीताचा आद्य संग्रह मानला जाणारा, अमेरिकेतील पझेस्ड या वाद्यवृंदाचा ‘सेव्हन चर्चेस’ (१९८५) प्रकटीकरणातील सात मंडळ्यांचेच नाव मिरवतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरची आमची मुले असले संगीत ऐकतात, म्हणून पालक बंदी मागतात. आम्हांस ती मान्य नाही. २००६ साली मुंबईतील कॅथलिकांच्या निषेधानंतर त्याच कुळातील स्लेअरचा ‘ख्राइस्ट इल्युजन’ भारतात मागे घेण्यात आला. म्हणून ऐकणारे थांबले काय? त्या सात मंडळ्यांपैकी पाचांची प्रभूने कानउघाडणी केली. लावदिकियाचा तर कोमटपणाबद्दल धिक्कार केला. मुलांची गाणी हिसकावण्यापूर्वी, पालकहो, आपल्या घरातील संध्याकाळची रोझरी कधी बंद पडली, ते आठवा!