खदानीला कुंपण कोण घालणार?

कामासाठी सिंगापूरला गेलो होतो. एका रविवारी बुकिट बाटोक टाऊन पार्कमध्ये गेलो. चीनमधल्या ग्विलिनच्या डोंगरांवरून लोक त्याला ‘लिटल ग्विलिन’ म्हणतात. हिरवट पाणी, त्यातून वर आलेला उघडा कातळ, काठावर बाकं. ही एके काळी दगडाची खदान होती. खड्डा बुजवून रस्ता काढायचा बेत होता. तो सोडून कातळ आणि पाणी तसंच राखलं. आसपास सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारती. तिकीट नाही. पाण्यालगत कठडा.

कठड्यावर हात ठेवला आणि आमच्या मोहल्ल्यामागची खदान आठवली. पावसाळ्यात ती काठोकाठ भरायची. सातवीत असताना माझ्या वर्गातला एक मुलगा तिथं पोहायला गेला, परत आला नाही. त्यानंतरही कुंपण आलं नाही. शहराचा कचरा मात्र आला.

सिंगापूरकडे पैसा आहे, मान्य. पण कठड्याला आणि धोक्याच्या पाटीला असा किती पैसा लागतो? आपण नगरसेवकाकडे गटार मागतो, कब्रस्तानची भिंत मागतो. मुलांसाठी सुरक्षित मोकळी जागा मागायला मात्र लाजतो, जणू ती चैन आहे.

दोस्तांनो, आपल्या भागातल्या खदानीचा सर्व्हे नंबर शोधा. सातबारा काढा, विकास आराखड्यात तिथं कसलं आरक्षण आहे ते बघा, माहिती अधिकारात अर्ज टाका. बाग नंतर मागू. कुंपण या पावसाळ्याआधी हवं.