चरबीची बदली

चौतीस वर्षे बँकेत काढली, त्यामुळे ‘बदली’ हा शब्द कानावर पडला की अजूनही पोटात गोळा येतो. मागच्या वर्षी भाची म्हणाली, “मामा, मी चरबीची बदली करून घेतेय. पोटावरची काढून गालांत भरायची.” मी हसलो आणि फटकन बोलून गेलो, “वयाला शोभेल असं वाग की गं!” ती गप्प झाली. मोठ्या आजारातून उठल्यापासून तिचे गाल खप्पड झाले होते आणि भेटेल तो “बरं नाही का?” असे विचारत होता, हे मी विसरलो होतो.

भरपाई म्हणून शस्त्रक्रियेच्या दिवशी मीच तिच्याबरोबर गेलो. बारीक नळीने पोटावरची चरबी ओढून घेतात, स्वच्छ करतात आणि थेंबाथेंबाने गालांत सोडतात. तिथे रक्तपुरवठा मिळाला तर त्या पेशी जगतात. उरलेल्या शरीर शोषून घेते. बदली झालेल्या माणसांसारखेच हे! काही नव्या गावात रुळतात, काही टिकत नाहीत. हे आजचे खूळ आहे असेही नाही. 1893 साली न्यूबर नावाच्या जर्मन शल्यविशारदाने दंडाची चरबी चेहऱ्यावरच्या खोलगट व्रणाखाली बसवली होती.

पुढचे मात्र कोणी धड सांगत नाही. पहिले दहा-बारा दिवस भाचीचे गाल सुजलेले, निळे-जांभळे होते. गालांपेक्षा पोटच अधिक दुखत होते. त्यावर काही आठवडे घट्ट पट्टा बांधावा लागला. महिन्या-दीड महिन्यात सूज ओसरली, गाल पुन्हा बसल्यासारखे वाटू लागले आणि ती रडली, “पैसे पाण्यात गेले!” खरा निकाल कळायला तीन ते सहा महिने लागतात. काहींना पुन्हा एकदा करून घ्यावे लागते, आणि वजन चढले-उतरले की भरलेली चरबीही चढते-उतरते.

म्हणून माझे म्हणणे दोन्ही बाजूंना आहे. घरच्यांनी थट्टा करू नये. आणि करून घेणाऱ्याने लग्नाचा मुहूर्त पंधरा दिवसांवर असताना हे काढू नये. डॉक्टरांकडे प्लास्टिक सर्जरीची एम.सीएच. किंवा त्या तोडीची पदवी आहे ना, हे विचारायला लाजू नये. निव्वळ रूपासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही. तेव्हा कर्ज काढण्याआधी वहीत आकडे मांडावेत. धोकाही सगळीकडे सारखा नसतो. नितंबांत चरबी भरताना ती मोठ्या रक्तवाहिनीत शिरून माणसे दगावली आहेत. अशा दर 3,000 शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू होत असावा, असा इशारा 2018 साली प्लास्टिक सर्जनांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी दिला होता. चेहऱ्यावर असे क्वचितच घडते, पण चुकीच्या हाती तिथेही दृष्टी जाऊ शकते.

दिवाळीत भाची फराळाला आली. कोणी काही विचारले नाही, आणि तिला तेवढेच हवे होते. ‘चुकलो’ म्हणायचे माझ्या तोंडावर आले होते, पण मामापणा आडवा आला. ती ही पुरवणी दर रविवारी वाचते.